संभाव्य विजेते चषकराव

हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत मुकादमाची जागा रिकामी होणार, ही बातमी भोंग्याने आणली. भोंगा मोठ्या वॉशिंग मशीनवर काम करायचा आणि मशीनच्या घरघरीवर मात करता करता त्याचा आवाज कायमचा चढून बसला होता. गुपितसुद्धा तो असं सांगायचा, की वरच्या मजल्यावरच्या पाहुण्यांची झोपमोड व्हावी.

"मुकादम या महिन्यात रिटायर होतायत! आणि त्यांच्या जागी कोण? आपले चषकराव! दुसरं आहेच कोण?"

डाग काढायच्या टेबलापाशी उभे असलेले चषकराव टेबलावरच्या चादरीइतके पांढरे पडले.

"गप रे!" ते म्हणाले. "माझं नाव घेऊ नकोस."

"का? खोटं बोलतोय का मी? या टेबलावर तुमचा हात धरणारं कोणी आहे? साहेब खाली आले की पहिले तुमच्याशी बोलतात. मी सांगतो ना, तुम्हीच फेव्हरिट!"

झालं. तो शब्द कानावर पडला आणि चषकराव दोन पावलं मागे सरले. दुसरा कोणी असता तर दिवसभर कॉलर ताठ करून मिरवला असता. पण चषकरावांनी आयुष्यभर एकाच विषयाचा अभ्यास केला होता, आणि तो विषय म्हणजे फेव्हरिट मंडळींचं पुढे काय होतं.

चषकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच धूळ खात पडलं होतं. फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ आला, किंवा युरोपातल्या देशांचा कप जवळ आला, की चहाच्या सुट्टीत या गृहस्थांच्या अंगात यायचं. सगळी वर्तमानपत्रं संभाव्य विजेत्यांची नावं छापत असायची आणि हे टेबलाशी उभे राहून त्या नावांची उत्तरक्रिया उरकत असायचे.

"पन्नास साली ब्राझील," असं ते सुरू करत. "घरचं मैदान. शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी केली असती तरी कप यांचा. पेपरवाल्यांनी तर आधीच यांना विश्वविजेते करून टाकलेलं. उरुग्वेने दोन गोल घातले आणि अख्खं स्टेडियम मुकं झालं. हरले!" हे 'हरले' म्हणताना ते हातातलं ओलं फडकं टेबलावर आपटत. "चौपन्न साली हंगेरी. चार वर्षं कोणाच्या बापाला हरले नव्हते. त्याच स्पर्धेत जर्मनीला आठ गोल घालून झाले होते. फायनलला समोर पुन्हा तीच जर्मनी, आणि दहा मिनिटांच्या आत दोन गोलांची आघाडी. हरले! चौऱ्याहत्तर साली हॉलंड. समोरच्यांनी चेंडूला पाय लावायच्या आत यांचा गोल. हरले! दोन हजार दोन साली फ्रान्स. जगाचा कप यांच्याकडे, युरोपचाही यांच्याकडेच. आणि स्पर्धेत गोल किती? शून्य! पहिल्याच फेरीतून सामान बांधून घरी!"

तोवर टेबलावर पाण्याचं तळं झालेलं असे.

"मग जिंकतं कोण?" भोंगा दर वेळी विचारायचा. उत्तर त्याला पाठ होतं, पण विचारण्यात त्याला मजा वाटायची.

"ज्याला कुत्रं विचारत नाही तो! ब्याण्णव साली डेन्मार्क युरोपच्या कपाला पात्रसुद्धा ठरला नव्हता. दुसऱ्या एका टीमला बाहेर काढलं म्हणून आयत्या वेळी यांना बोलावलं. आले आणि कप घेऊन गेले. दोन हजार चार साली ग्रीस. त्यांच्या शेजाऱ्यांनीसुद्धा त्यांच्यावर पैज लावली नसती. घेऊन गेले!"

यातलं काहीही खोटं नव्हतं. प्रश्न एवढाच होता, की आता हे सगळं त्यांच्याच गळ्यात आलं होतं.

आणि ती जागा त्यांना हवी होती. अगदी मनापासून हवी होती. मुकादमाची काचेची केबिन किंवा खुर्ची यांचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं, जरी दिवसभर उभं राहून पाय भरून यायचे आणि डाग काढायच्या औषधांनी बोटांची सालं निघायची. मुकादमाची पाळी सकाळची असायची. खरी ओढ त्या पाळीची होती. चषकरावांची पाळी दुपारी सुरू व्हायची आणि ते घरी पोचेपर्यंत बायको झोपलेली असायची. ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. सकाळी हे उठायच्या आत ती गेलेली असायची. दोघांचा संसार झाकलेल्या ताटांवर चालला होता. रविवारी मात्र तिला सुट्टी असे आणि यांना नसे, म्हणून रविवारी सकाळी काही तास दोघं एकमेकांना जागेपणी पाहायची.

त्या रविवारी ती भलतीच खुशीत होती.

"अहो, मुकादमाची पाळी सकाळचीच ना?"

"असते."

"म्हणजे संध्याकाळी तुम्ही घरी."

"अजून मिळालेली नाहीये."

"मिळेल हो. आमच्या किचनमध्ये मी सगळ्यांना सांगूनसुद्धा टाकलं."

चषकरावांनी कपाळावर हात मारला. "सांगितलंस? अगं, ब्राझीलने हेच केलं होतं पन्नास साली!"

"मी काही ब्राझील नाही. मला फक्त रात्री कोणासमोर तरी बसून जेवायचंय. भिंतीकडे बघत बघत घास गिळायचा, ते किती वर्षं?"

चषकरावांनी चहाचा कप तोंडाला लावला. त्यांनाही तेच हवं होतं, पण ते तोंडाने म्हटलं की हातचं जाईल अशी त्यांना भीती वाटली. एखादी गोष्ट फारच हवी असली की माणसाची अक्कल गहाण पडते. चषकरावांची तर त्या सकाळी पूर्णच पडली. चहाचा कप खाली ठेवेपर्यंत त्यांचा बेत ठरला होता. ही जागा मिळवायची असेल तर आधी आपण फेव्हरिट राहता कामा नये.

फेव्हरिटपण असं हवेत सोडून देता येत नाही, ते कोणाच्या तरी अंगावर टाकावं लागतं. लाँड्रीत त्यासाठी एकच माणूस लायक होतं, ते म्हणजे रोलरवाल्या ताई. चादरींना इस्त्री करणाऱ्या तापलेल्या रोलरवर त्या कित्येक वर्षं होत्या. ओल्या चादरीची दोन टोकं धरून ती अशी ताणून आत सोडायच्या, की पलीकडून कागदासारखी सपाट निघायची. बोलणं मोजकं. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि त्याबद्दल त्यांना जराही वाईट वाटत नव्हतं. चहाच्या सुट्टीत चषकरावांचं फडकं आपटणं सुरू झालं, की त्या आपला कप घेऊन दूर जाऊन बसत, कारण त्यांच्या साडीवर पाणी उडायचं.

"या वेळी ताईच फेव्हरिट आहेत," चषकरावांनी सोमवारी भोंग्याच्या कानात सांगितलं. भोंग्याच्या कानात सांगणं म्हणजे दवंडी पिटणं.

"ताई? आणि तुम्ही?"

"मला कशाला हवी ती कटकट? मी आपला बरा आहे इथे."

हे म्हणताना त्यांनी मनातल्या मनात डोळा मारला होता. पण मनातल्या मनात मारलेला डोळा समोरच्याला दिसत नाही, हे या इतिहासतज्ज्ञाच्या ध्यानात आलं नाही. भोंग्याने दोन्ही गोष्टी, ताई फेव्हरिट आहेत आणि चषकरावांना जागा नको आहे, सबंध तळघराला ऐकवल्या. मग लिफ्टने वर जाऊन स्वयंपाक्यांना ऐकवल्या. चादरी घेऊन जाणाऱ्या बायकांनी त्या मजल्यामजल्यावर पोचवल्या. चषकराव खूश होते. त्यांना वाटलं, बला टळली.

पण नुसतं दुसऱ्याला चढवून भागत नाही, स्वतःही थोडं उतरावं लागतं. इथे चषकरावांना इटली आठवली. ब्याऐंशी सालच्या वर्ल्ड कपमध्ये इटलीने पहिले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले होते. घरच्या पेपरवाल्यांनी त्यांची सालटी काढली. मग त्याच इटलीने फेव्हरिट ब्राझीलला घरी पाठवलं आणि कप उचलला. चषकरावांनी ठरवलं, आपणही तीन सामने बरोबरीत सोडवायचे.

आता डाग बरोबरीत कसा सोडवतात? मंगळवारी त्यांच्याकडे लाल वाइन सांडलेला एक टेबलक्लॉथ आला. एरवी त्यांनी कडेकडून आत येत, फडकं हलकं हलकं टेकवत तो डाग असा उडवला असता, की त्या कापडाला स्वतःलाच आपण कधी डागाळलो होतो हे आठवू नये. त्या दिवशी त्यांनी अर्ध्यावर हात थांबवला. मधोमध फिकट गुलाबी कडं राहिलं. ते सोडून देताना त्यांच्या जिवाचं पाणी पाणी झालं. सवयीने ब्रश दोनदा पुन्हा तिकडे वळला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने उजवा हात धरून ठेवला.

मुकादमांनी टेबलक्लॉथ उजेडात धरला. "अहो, हे काय? तब्येत बरी नाही का?"

"आता वय झालं," चषकराव अतीव समाधानाने म्हणाले.

बुधवारी उशीच्या अभ्र्यावर लिपस्टिक राहिली. गुरुवारी शेफच्या कोटावर रश्शाचा पिवळा नकाशा राहिला. तिसरा सामना बरोबरीत! शेफ तो कोट घेऊन स्वतः खाली आला आणि चषकरावांना जे बोलला, ते इथे सांगण्यासारखं नाही. चषकराव मात्र इटलीच्या गोलकीपरसारखे निश्चल उभे राहिले. त्यांना वाटलं, सगळं कसं ठरल्याप्रमाणे चाललंय.

शुक्रवारी मॅनेजर साहेबांनी आधी ताईंना बोलावलं आणि मग चषकरावांना. साहेबांची खोली पहिल्या मजल्यावर होती आणि तिथे गालिचा होता. तळघरातले बूट घालून गालिच्यावर उभं राहायचं म्हणजे माणूस आपोआप अर्धा खजील होतो. साहेब तसे भले होते. त्यांच्यापुढे तो गुलाबी कड्याचा टेबलक्लॉथ घडी करून ठेवलेला होता. त्यांनी तो बाजूला सारला.

"हे जाऊ दे," साहेब म्हणाले. "असं एखाद्या आठवड्यात कोणाचंही होतं. मला सरळ सांगा, तुम्हाला मुकादमाची जागा हवी आहे का?"

चषकरावांच्या जिभेवर 'हो' आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात ते ब्राझील, ती हंगेरी, तो हॉलंड, सगळे रांगेने डोळ्यांसमोर उभे राहिले आणि माना हलवू लागले.

"तसं काही नाही, साहेब," ते म्हणाले. "ताई आहेतच की. त्या जास्त योग्य आहेत."

"नक्की?"

"नक्की."

साहेबांनी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा अर्थ चषकरावांनी असा लावला, की असा नम्र माणूस साहेबांना पूर्वी कधी भेटला नसावा आणि आता जागा आपल्या खिशात आहे. ते जिना उतरताना चक्क शीळ घालत होते.

शनिवारी चहाच्या वेळी साहेब खाली आले. सगळ्या मशीन बंद करायला लावल्या. मुकादमांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि तो ताईंच्या हातात दिला. ताईंनी हात पुसून तो घेतला. टाळ्या वाजल्या. चषकरावांचे हातही टाळ्या वाजवत होते, कारण बाकीचे वाजवत होते.

"चषकराव!" भोंगा आनंदाने किंचाळला. मशीन बंद असल्यामुळे तो आवाज आणखीच घुमला. "मानलं तुम्हाला! तुमचं भाकीत खरं ठरलं! अहो, फेव्हरिट जिंकला!"

सगळे हसले. चषकरावही हसले. मग ते टेबलाकडे वळले आणि समोर आलेला पहिला डाग त्यांनी इतका घासला, की कापडाला भोक पडलं.

थोड्या वेळाने ताईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. काचेच्या आत मशीनचा आवाज निम्म्याने कमी होता. चषकरावांना ते आजवर माहीतच नव्हतं.

"बसा," ताई म्हणाल्या. "तुम्ही माझ्यासाठी इतकं केलंत. सगळ्यांना माझं नाव सांगत फिरलात, साहेबांपुढेसुद्धा माझंच नाव घेतलंत. आपलं कधी फार बोलणंही नाही. मला खरंच कळत नाही, तुमचे आभार कसे मानू."

"छे छे, आभार कसले." चषकराव खुर्चीच्या कडेवर टेकले. "ताई, एक विचारू? साहेबांनी तुम्हाला काय विचारलं?"

"जागा हवी का, म्हणाले."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हटलं."

"एवढंच?"

"अजून काय म्हणायचं असतं?" ताईंना खरंच नवल वाटलं होतं. "साहेब म्हणत होते, आधी तुमचंच नाव पक्कं झालं होतं. पण तुम्हाला नको आहे, असं त्यांच्या कानावर सगळीकडून आलं. त्यांचा विश्वास बसेना, म्हणून मुद्दाम तुमच्या तोंडून ऐकायला बोलावलं होतं."

चषकराव उठले. दार ढकलायचं होतं ते त्यांनी ओढलं, मग ढकललं, आणि बाहेरच्या घरघरीत शिरले.

रविवारी सकाळी बायको कांदा चिरत बसली होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं. म्हणजे सांगायला बसले ते पन्नास सालापासून. उरुग्वे झालं, हंगेरी झाली, इटलीच्या तीन बरोबरी झाल्या, तो टेबलक्लॉथ झाला, आणि मग गालिच्यावरचा तो प्रश्न आला. तिची सुरी चालूच होती.

"झालं सांगून?" तिने विचारलं.

"झालं."

"बासष्ट साली ब्राझील. आधीचा कप त्यांच्याकडेच होता. फेव्हरिट होते की नाही?"

चषकराव चमकले. "तुला काय माहीत?"

"रविवारी एवढे काही तास मिळतात, त्यात तुम्ही हेच बोलता. मग माझ्या कानांनी कुठे जायचं? होते की नाही?"

"होते."

"काय झालं?"

"जिंकले."

"दोन हजार दहा साली स्पेन. यांचा बोजवारा उडणार म्हणून तुम्हीच सांगत होतात. पहिला सामना हरले तेव्हा या खोलीत नाचला होतात. पुढे काय झालं?"

"जिंकले," चषकराव पुटपुटले.

"त्या आठवड्यात तुम्ही घरात कोणाशी बोलत नव्हता." तिने सुरी खाली ठेवली. कांद्याने तिचे डोळे भरले होते, पण नुसत्या कांद्याने इतके भरत नाहीत. "मला त्या खेळातलं काही कळत नाही. कोण कसं हरलं, का हरलं, तुम्हालाच ठाऊक. मला एकच सांगा. तुमच्या त्या हरलेल्या लोकांत एक तरी टीम अशी झाली का, जिने म्हटलं, कप आम्हाला नको, समोरच्यांना द्या?"

चषकरावांनी सगळा इतिहास मनात उलटापालटा केला. रिओच्या त्या मुक्या स्टेडियमपासून सुरुवात केली. ब्राझीलचे खेळाडू शेवटच्या मिनिटापर्यंत गोलसाठी जीव तोडून धावत होते. हंगेरीवाले चिखलात पडत होते आणि उठत होते. हॉलंडवाले, फ्रान्सवाले, सगळे धावत होते. ज्यांना त्यांनी इतकी वर्षं फडकं आपटून आपटून हिणवलं होतं, त्यांतला एकही मैदानाबाहेर उभा राहून हरलेला नव्हता.

"नाही," ते म्हणाले.

"आणि ती जागा काही एकट्या तुमची नव्हती. अर्धी माझी होती. सोडून देताना मला विचारलंत?"

चषकरावांनी ताटं मांडली. जेवण झालं. दोघं समोरासमोर बसून जेवली, रविवारी जेवायची तशीच. ती भिंतीकडे बघत होती.

पाळीची वेळ झाली. चषकरावांनी सदरा चढवला, बूट घातले आणि दारापाशी जाऊन थांबले. साहेबांपुढे दातांपर्यंत आलेलं ते 'हो' अजून तिथेच होतं.

"मला हवी होती गं," ते म्हणाले. "फार हवी होती."

"अहो, मग हे मला काय सांगताय?" ती म्हणाली, आणि यांना उशीर होतोय असं बघून तिनेच दार उघडून धरलं.